मामांस गेलेली कारणे दाखवा नोटीस

॥ श्री ॥

नाशिक,
हळदीला आठवडा उरला असताना

ती. नवनाथमामांच्या सेवेशी,

वाल्मीकचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिलेला नाही. आत्ता समोर असतात तर फरशीवर आडवा होऊन दाखवला असता, कमरेचा पट्टा काढून ठेवून.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल संपले असेल तर कळवा, इथल्या द्वारका चौकातल्या त्या दुकानात पुन्हा आले आहे. मामींच्या साखरेचे काय? गाईला कालवड झाल्याचे धोंडामावशींकडून कळले, फार आनंद झाला. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असे यापुढे लिहायचे असते, पण ते मी लिहीत नाही, कारण क्षेम नाही. तुमची बहीण माझ्याशी कामापुरते बोलते, मनाली तेवढेही बोलत नाही, आणि लग्न तोंडावर आले आहे. तुम्ही माझा फोन उचलत नाही. मेसेज पाठवला की तो तुम्ही वाचल्याचे दिसते, आणि पुढे सामसूम. म्हणून हे पत्र हाताने लिहून धोंडामावशींच्या पिशवीत घालून देतो आहे. त्या उद्याच्या एसटीने देवळ्याला परत येत आहेत. बायको तुमची बहीण असली तरी मुलांच्या तोंडून ऐकून ऐकून मीही तुम्हाला मामाच म्हणत आलो, त्या नात्याची आण घालतो, शेवटपर्यंत वाचा. मधेच चुरगळू नका, मागच्या बाजूलाही मजकूर आहे.

तुमच्या हाती पडलेल्या कागदाविषयी मावशींनी सगळे सांगितले. मनालीच्या लग्नाची पत्रिका, हळदीकुंकवाच्या अक्षता, आणि त्यांच्यासोबत आमच्या शिक्षण संस्थेच्या नावाचा एक कागद, ज्याच्यावर ठळक अक्षरांत ‘कारणे दाखवा नोटीस’ असे छापलेले. आपण पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहिल्याचे निदर्शनास आले आहे, सदर बाब गंभीर स्वरूपाची आहे, मुदतीत लेखी खुलासा सादर करावा, न केल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे समजून एकतर्फी निर्णय घेण्यात येईल. आणि या सगळ्यावर पत्त्याच्या जागी तुमचे नाव, त्याखाली ‘आला नाहीस तर बघ’. साखरपुड्याला तुम्ही येऊ शकला नाहीत, त्यामुळे मजकूर नेमका लागू पडला, हे दुर्दैव. (कांद्याची चाळ भरायची होती हे तुमचे कारण मला तेव्हाही मान्य होते आणि आजही आहे. मी आस्थापना विभागात बसून याहून कितीतरी तकलादू कारणांवर रजा मंजूर होताना पाहिल्या आहेत. सटाण्याच्या स्थळाचा विषय मी काढतच नाही.) ‘मेव्हण्यानं मला नोटीस दिली, आता बोहल्यावर दुसरा मामा नेमा, जागा रिकामी आहे’ असे तुम्ही भर ओट्यावर चार लोकांत म्हणालात, असे मावशी सांगतात. त्या थोडे वाढवून सांगतात हे धरले तरी उरते ते पुष्कळ आहे. म्हणून झाले काय ते मुळापासून सांगतो. त्यात दोष माझा किती, मशीनचा किती आणि नशिबाचा किती, ते तुम्हीच ठरवा.

आमच्या कार्यालयात नवीन प्रिंटर आला. प्रिंटर म्हणजे ते टेबलावरचे डबडे नव्हे. हा जमिनीवर उभा राहतो, कमरेएवढा उंच, छापतो, झेरॉक्स काढतो, आणि काही बिनसले की शिट्टी मारतो. तो आला फाल्गुनात, पण सचिव साहेबांच्या हुकमाने पाडव्यापर्यंत खोक्यातच राहिला, कारण नवीन वस्तू कधी उघडायची याविषयी साहेब फार काटेकोर आहेत. पाडव्याला नारळ फुटला, मी स्वतः झाकणावर कुंकवाचे स्वस्तिक काढले, आणि थोडे कुंकू आतल्या काचेवर सांडले. त्यामुळे पुढे काही दिवस जी झेरॉक्स निघे तिच्या मधोमध एक लाल रेघ येई. मुख्याध्यापकांची सभा भरली तेव्हा एका मुख्याध्यापकांनी ती रेघ सचिव साहेबांनी मारली असे समजून त्या परिच्छेदावरची स्वतःची हरकत मागे घेतली. काच शेवटी मशीन बसवून गेलेल्या माणसाने पुन्हा येऊन पुसली. पुसता पुसता तो माझ्याकडे असे बघत होता की जणू मी मशीनला भाजी खाऊ घातली होती.

त्याच माणसाने पाडव्याच्या दिवशी मला ओव्हरले दाखवला होता. आता ओव्हरले म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण सगळे रामायण तिथेच आहे. समजा, एखादा मजकूर पुन्हा पुन्हा लागतो, वरचे नाव, पत्ता, बोधचिन्ह, खालचे ठरलेले परिच्छेद. तो एकदाच तयार करून मशीनच्या पोटात साठवून ठेवायचा. पुढच्या वेळी तुम्ही फक्त माणसाचे नाव आणि तारीख टाइप करायची, साठवलेले पान निवडायचे, आणि छापायचे. मशीन तुमच्या नावतारखेवर ते साठवलेले पान आपणहून चढवते आणि एकच अखंड पत्र बाहेर येते. मामा, मी आयुष्यभर छापखान्यातून लेटरहेडचे गठ्ठे आणून कपाटात ठेवले, त्यांना वाळवी लागली, पत्ता बदलला तेव्हा जुना पत्ता खोडून रबरी शिक्के मारले. हे बघून माझे डोळे भरून आले. (घरी सांगितले तेव्हा तुमची बहीण म्हणाली, पोरीच्या साखरपुड्यात तर भरले नव्हते.)

आता यंत्राच्या पोटात पहिले काय घालायचे? सचिव साहेबांचे म्हणणे होते की सर्वांत जास्त लागते ती गैरहजरांची कारणे दाखवा नोटीस, ती घाला. पण पाडव्याच्या दिवशी, नारळ फोडलेल्या यंत्रात, पहिला कागद नोटिशीचा? कोणत्या घरात नव्या चुलीवर पहिले कारले शिजवतात? मी साहेबांना हो म्हटले आणि गुपचूप आधी मनालीच्या लग्नाचे पान घातले. म्हणजे असे: पत्रिका तर छापखान्यातून आल्याच होत्या, पण मामा, आत्या, काका या जवळच्या माणसांना नुसती पत्रिका पाठवणे बरे दिसत नाही, सोबत आग्रहाचे पत्र हवे, ज्याच्या त्याच्या नावाने. त्यासाठी मी एक सुंदर पान बनवले. वर गणपती, मग चि. साई आणि चि. सौ. कां. मनाली, मग आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे, आपल्याविना कार्यास शोभा नाही, सहकुटुंब सहपरिवार यावे. आणि चारही कोपऱ्यांना रंगीत छपाईत हळदीकुंकवाची बोटे. खरी हळद टपालात पुसली जाते, छापलेली जात नाही. ही कल्पना माझी एकट्याची होती आणि आजही मला तिचा अभिमान आहे.

साठवायची रीत मात्र चमत्कारिक. ‘प्रिंट’ दाबायचे, आणि कागद बाहेर येत नाही. कागद येत नाही म्हणजेच साठवले गेले, असे त्यात समजायचे असते. हे मला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले तेव्हा मी नारळाचे तुकडे वाटत होतो. मी दाबले, कागद आला नाही. पुन्हा दाबले. मग जरा जोरात दाबले. शेवटी कंटाळून यादी उघडली तर आत गणपतीच गणपती, जणू पेणचा कारखाना. नावे मराठीत दिली होती, त्यांचे नुसते चौकोन उमटले होते. म्हणून मी वहिवाटीसाठी आकडे दिले: पहिला लग्न, दुसरा नोटीस, आणि उरलेले गणपती तसेच राहू दिले. गणपतीला डिलीट कोण करणार? माझा तर हात धजावला नाही.

मधल्या सुट्टीत एकेक करून सगळ्या नातेवाइकांची पत्रे निघाली. काय देखणी निघाली म्हणून सांगू! जळगावच्या आत्याबाईंनी तर फ्रेम करायचे म्हटले. राहिले फक्त तुमचे. कारण तुमच्या पत्रात बहिणीची स्वतःची एक ओळ हवी होती, आणि ती ओळ तिला सुचेना. रोज संध्याकाळी विचारायचो, ती म्हणायची थांबा. मोठ्या भावाला एक ओळ लिहायला बाईमाणसाला इतके दिवस का लागावेत, हे मला कळले नाही. शेवटी एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, लिहा, ‘दादा, तुझी वाट बघत आहे, आला नाहीस तर बघ.’ मी म्हटले, शेवटचे जरा कडक होते. ती म्हणाली, होऊ द्या.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या पूजा मॅडमनी मशीन आवरले. या आमच्या विभागातल्या नवीन सहायक. हुशार आहेत, पण त्यांना आवरायचा रोग आहे. माझा पेनांचा ग्लाससुद्धा त्या रंगाप्रमाणे लावून ठेवतात. यादीतले जास्तीचे गणपती त्यांनी (आधी चपला काढून, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे) पुसले, आणि कार्यालयाचे काम आधी या न्यायाने नोटिशीला पहिला नंबर दिला, लग्नाला दुसरा. त्यांनी मला सांगितलेही. सर, नंबर बदललेत बरं का. मी त्या वेळी आचाऱ्याशी फोनवर वांग्याच्या भाजीवरून वाद घालत होतो, मी मान हलवली. मान आचाऱ्यासाठी हलवली होती.

मग दुपारी मी तुमचे नाव आणि ती ओळ टाइप केली, सवयीने पहिला नंबर निवडला, आणि कागद निघाला तसा पालथा उचलून घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला, कारण जिन्यावर साहेबांचे बूट वाजले होते. वाचला नाही. मामा, हाताने लिहिलेले मी तीनतीनदा वाचतो, पण यंत्राने छापलेले वाचायचे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे मला आजवर वाटत आले. घरी जाऊन पिशवी तुमच्या बहिणीकडे दिली. पत्रिका, अक्षता, कागद हे सगळे पाकिटात तिने घातले, तिनेच चिकटवले, तिनेच पोस्टात टाकले. तिलाही बिचारीला घाईत काही दिसले नसणार. तेव्हा तिला काही बोलू नका.

त्याच दुपारी मी गैरहजरांच्या नोटिसाही काढल्या. नंबर दोन. तुमच्या लक्षात आलेच असेल. सहीसाठी गठ्ठा साहेबांपुढे गेला. साहेब मजकूर कधीच वाचत नाहीत, खालची जागा तेवढी बघतात. या वेळी वर गणपती दिसला म्हणून त्यांनी आधी हात जोडले आणि मग सही केली. रजिस्टर पोस्टाने सगळे रवाना.

त्यातली एक नोटीस आमच्या एकलहऱ्याच्या शाळेतल्या गोरक्ष सरांना गेली. हे दिवाळीनंतर मुख्याध्यापकांशी भांडून घरी जाऊन बसले होते ते बसलेच. नुसत्या टाइप केलेल्या भागात त्यांचे नाव होते आणि अमुक दिवशी सकाळी संस्थेच्या कार्यालयात समक्ष हजर राहावे, असे होते. त्याच्यावर मनालीचे लग्न चढले. ठरल्या दिवशी गोरक्ष सर सपत्नीक आले. डोक्याला फेटा, पत्नीच्या अंगावर पैठणी, हातात स्टीलच्या भांड्यांचा मोठा खोका. कार्यालयात लग्न, बँड नाही, मांडव नाही, हे बघून त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले की इतक्या साधेपणाने मुलीचे लग्न करणारा बाप आज दुर्मिळ आहे. मला काही उलगडेना. मी त्यांना खुलासा आणलात का विचारले, त्यांनी मला नवरदेव कुठे आहे विचारले. चहा आला. चहा पिता पिता सर गहिवरले. म्हणाले, एवढे महिने घरी होतो, शाळेतल्या एकाही माणसाने ये म्हणून निरोप धाडला नाही. संस्थेने मात्र माझ्याविना शोभा नाही असे लिहिले. त्यांनी तिथेच रुजू होण्याचा अर्ज दिला, आणि खोका ठेवून दुपारच्या पाळीला एकलहऱ्याला गेले, फेट्यासकट.

सचिव साहेब आधी फार खूश झाले. गैरहजर माणूस नोटिशीने परत आल्याचे संस्थेच्या इतिहासात पहिलेच उदाहरण, आणि ते आपल्या सहीमुळे, असे त्यांनी दोन जणांना फोन करून सांगितले. तिसऱ्या फोनच्या आधी त्यांनी कार्यालयाची प्रत मागवली. पुढचे मी लिहीत नाही. एवढेच सांगतो की कुंकवाच्या बोटांवरून साहेबांनी स्वतःचे बोट फिरवले, ते लाल झाले का बघितले, आणि मला आत बोलावले. मग पूजा मॅडमनी यंत्राची नोंद काढली, त्या दुपारी खरी नोटीस एकच छापली गेल्याचे निघाले, ती कोणाची याचा शोध सुरू झाला, आणि त्याच संध्याकाळी धोंडामावशींचा फोन आला. तेव्हा मला उमगले की ती एकुलती एक नोटीस कोणत्या ओट्यावर वाचली जाते आहे.

हे असे झाले, मामा. यात कोणाच्या मनात काही नव्हते. तुमच्या बहिणीच्या तर मुळीच नव्हते. तुम्ही थोरले, आम्ही चुकलो तर कान धरायचा अधिकार तुमचा. पण कान धरायला तरी या. तुम्ही नसाल तर मनालीला बोहल्यावर कोण आणणार, यावर इथे चर्चा सुरू झाली आहे आणि ती मला ऐकवत नाही. कोणी माझ्या आत्तेभावाचे नाव काढतो, कोणी शेजारच्या सोसायटीतले निवृत्त फौजदार सुचवतो, आवाज मोठा आहे म्हणून. काल कोणी म्हणाले, मामा काय, कोणीही उभा राहिला तरी चालते. मनाली ताटावरून उठून गेली. तिला लहानपणी कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसवून तुम्ही गावभर मिरवायचात, तिने आजवर हट्ट केला तो तुमच्याकडेच केला, आमच्याकडे कधी केला नाही. मी बाप आहे, मला राग यायला हवा होता. मला आला नाही, मला वाईट वाटले. मी कारकून माणूस, मला गोड लिहिता येत नाही, आयुष्य ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ लिहिण्यात गेले. पण तुम्ही नसलात तर त्या मांडवात मला उभे राहवणार नाही, एवढे खरे मानून घ्या.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, कालवडीच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवावा. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुमचाच,
वाल्मीक

ता. क. येताना ती नोटीस मात्र न विसरता घेऊन या. फाडली असेल तर तुकडे आणा, चिकटवू. सचिव साहेबांनी मलाच कारणे दाखवा नोटीस दिली आहे, कार्यालयीन यंत्राचा घरगुती वापर या सदराखाली, आणि माझ्या खुलाशाला मूळ कागद जोडणे आवश्यक आहे. त्यावर ‘हा कागद मला चुकून मिळाला, माझा काही रोष नाही’ एवढे तुमच्या हाताने लिहून खाली सही केलीत तर फार उपकार होतील. (हे पत्र केवळ यासाठी लिहिले असा गैरसमज करून घेऊ नये. मुख्यतः लग्नासाठीच लिहिले आहे.)

आणखी एक. पत्र मावशींकडे द्यायच्या आधी तुमच्या बहिणीने वाचायला मागितले. खाली तिला दोन शब्द लिहायचे आहेत म्हणते. मी वाचलेले नाहीत, तिने हात आडवा धरला आहे.

दादा,

ह्यांनी वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, एक सोडून. मला घाईत दिसलं नाही असं ह्यांना वाटतं. मला दिसलं होतं. पाकीट चिकटवायच्या आधी मी तो कागद ओट्यापाशी उभी राहून दोनदा वाचला. पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर. मला इतके दिवस खरी ओळ सुचत नव्हती, ती ह्यांच्या मशीनला बरोबर सुचली. म्हणून मीच घातला आणि मीच टाकला. ह्यांना सांगू नको, ते लय घाबरतील.

तू चाळ भरायची होती म्हणालास. साखरपुडा माघात होता. माघात कोणी कांदा साठवायला चाळ भरतं का रे? तेव्हा निघतो तो रांगडा कांदा, तो टिकत नाय, सरळ बाजारात जातो. मीपण त्याच घरात वाढले. ह्यांना खपलं, मला नाय खपलं. तू आणलेलं सटाण्याचं स्थळ आम्ही नको म्हटलं दादा, तुला नको म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी मनाली दर गाडीच्या आवाजाला गॅलरीत जात होती. पाहुणे विचारायला लागले, पोरगी सारखी कुठं जाते. मी काय सांगणार?

तिची पिवळी साडी अजून घेतलेली नाय. हे म्हणाले, वेळ कमी आहे, आपणच आणून ठेवू. मी दुकानापर्यंत गेले, दुकानदारानं दोन-तीन काढून दाखवल्या, आणि काही न घेता परत आले. ती मामाची असते.